अळणी

एइलिफनं टेबलावर उभी केली मातीची ती कांडी,
लेइरमोच्या शेतातून, नऊ मीटर खालून काढलेली,
करडी, ओलसर, साबणाच्या नव्या वडीसारखी.
तिच्यावर लोखंडी वजन ठेवलं. मग दुसरं.
मग तिसरं, आणि हाताची घडी घालून मागं सरला.
माती हूं की चूं करेना.

"ही तुमची," तो म्हणाला.
तोरब्योर्ग लेइरमो, वय एक्याऐंशी,
त्रोन्हाइमच्या त्या प्रयोगशाळेत
कोटसुद्धा न काढता बसली होती.
साठ वर्षं हिच्या पाठीवर बटाटे काढले,
आणि पोटातली ही आज पहिल्यांदा दिसत होती.

मग त्यानं एक तुकडा कापून वाडग्यात घेतला.
"पाणी घालत नाहीये हं, बघा. एक थेंबही नाही."
चमच्यानं ढवळला नुसता,
आठ-दहा वेढे, चहात साखर विरघळवावी तितपत.
आणि माती मोडली.
मोडली म्हणजे तुकडे नाही झाले.
वाडगं कलतं केलं, तर
काठावरून सांडली, कढीसारखी,
टेबलभर पसरून थेट तिच्या पर्सपर्यंत.

फार पूर्वी इथं समुद्र होता.
खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे पापुद्रे
एकमेकांना टेकत खाली बसले:
पत्त्यांचा बंगला, आणि आत मीठ.
बर्फाचं ओझं उतरलं, जमीन वर आली,
मग दहा हजार वर्षांचा पाऊस
एकेक कण मीठ धुऊन घेऊन गेला.
बंगला उभाच. सवयीनं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
पण मीठच उरलं नाही तर जागायचं कशाला?

तोरब्योर्गला सातव्या वर्षीचा मार्च आठवला.
नदीपलीकडच्या ब्रेक्केनं गोठ्यासाठी खड्डा खणला,
निघालेली माती काठावर रचली. एवढंच.
संध्याकाळी त्याचं घर निघालं,
उभंच्या उभं, पडद्यांसकट, खिडकीत दिवा,
मुळीच घाई नसलेल्या पाहुण्यासारखं
नदीच्या दिशेनं.
पायाखालची जमीन सरकली, असं सहज म्हणतात माणसं.
ती सरकताना तिनं पाहिली आहे.
आवाज फार नव्हता. एक गाय हंबरत होती, लांब लांब जात.

आणि भाऊ आठवला, ओद्मुन्ड.
बोट बुडाली, बायको गेली, मुलगा परत आला नाही,
तो उभाच. वजनावर वजन.
एके दिवशी पोस्टात कुणीतरी खांद्यावर हात ठेवला:
"बरं चाललंय ना?"
पोस्टाच्या फरशीवरून त्याला
गोळा करता करता वसंत उजाडला.

हे ती एइलिफला सांगत नाही.
तो कपाटातून मिठाची पुडी काढतोय,
किराणा दुकानातली, साधी.
चिमूटभर वाडग्यात. पुन्हा ढवळतो.
कढी दाटते, पिठलं होते, गोळा होते.
चमचा सोडतो. चमचा उभा.

"शेतात बारीक विहिरी घेऊ," तो म्हणतो,
"त्यात मीठ भरू. खाऱ्याचाच एक प्रकार.
आपोआप झिरपत जाईल बाजूला."
"किती दिवस?"
"वर्षं." जरा थांबून, "काही वर्षं."

तोरब्योर्ग पर्सवरची करडी कढी रुमालानं पुसते
आणि एकदम हसू लागते, डोळ्यांत पाणी येईतो:
"डॉक्टरनं माझं मीठ तोडलंय, पोरा.
दोन वर्षं अळणी बटाटे खातेय मी,
आणि तुम्ही माझ्या शेताला पोती पोती घालणार!"

बसनं घरी पोचते तेव्हा साडेतीन, अंधार.
अंगण तेच. गोठण्याच्या बेतातला चिखल.
ती मधोमध थांबते,
कुणी झोपलेलं असावं तशी.
फाटक रोज आपटून लावते ती, बिजागरी जुनी आहे.
आज दोन्ही हातांनी उचलून
अलगद चौकटीला टेकवलं,
आणि कडी न वाजवता घातली.